काळीचा विमा आहे, पांढरीचे काय?

वऱ्हाडात गावाचे दोन भाग मानतात. काळी म्हणजे शेतशिवार आणि पांढरी म्हणजे वस्ती, जिथे आपली घरेदारे आहेत. काळीच्या विम्याबद्दल पातूर तालुक्यातला कोणताही शेतकरी पाच मिनिटे सहज बोलेल. हप्ता किती, अर्ज कुठे भरायचा, गेल्या हंगामात मंडळात कोणाला किती आले आणि कोणाला काहीच का आले नाही, हे सगळे त्याला ठाऊक असते. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली, हेही त्याला पाठ असते. त्याच माणसाला विचारा, ‘घराचा विमा काढला का?’ बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, ‘घराचाही असते काय?’

असतो. विशेष म्हणजे आपल्या देशातल्या घराच्या प्रमाणित विम्यात पुराचे संरक्षण आधीच धरलेले असते. तरीही पावसाळ्यात घरात पाणी शिरले की आपण फक्त तलाठ्याची वाट पाहतो. पंचनाम्यातून मिळणारी रक्कम आणि घर पुन्हा उभे करायला लागणारा खर्च यांत किती अंतर आहे, हे त्या वेळी कळते. हे अंतर आधीच समजून घ्यायचे असेल तर आधी आपल्याकडे पूर येतो कसा, ते पाहावे लागेल.

डोंगराच्या पायथ्याचा पूर

पूर म्हटले की डोळ्यांसमोर कोल्हापूर-सांगली येते. तिथे कृष्णा-पंचगंगा चढायला वेळ लागतो. पाणीपातळीचे आकडे येत राहतात आणि लोकांना सामान हलवायला एक-दोन दिवस मिळतात. पातूरची गोष्ट वेगळी आहे. हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. जिच्या कातळात पातूरची लेणी कोरली आहेत, त्याच बेसाल्ट खडकाच्या या टेकड्या. त्यांच्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र असतो. पाऊस पडला की पाणी मुरायला थांबत नाही, नाल्यांतून सरळ खाली धावते. मोर्णा आणि निर्गुणा या नद्या याच भागातून खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे जातात. तालुक्यात दोघींवर मध्यम प्रकल्पांची धरणे आहेत. पण धरणाच्या खाली नदीला मिळणारे असंख्य नाले मोकळेच असतात. डोंगरात पडलेला पाऊस वस्तीपर्यंत पोहोचायला अनेकदा तास-दोन तास पुरतात. गावात ऊन असते आणि नाल्याला लोंढा येतो, हा अनुभव इथल्या जुन्या माणसांना नवा नाही.

पाण्याचा हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते १० कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. नाल्याचे पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर असेल तर टँकर होतात एक लाख. त्यातले निम्मे पाणी जरी दोन तासांत एका पुलाखालून जायचे म्हटले, तरी त्या पुलाच्या नळ्या किती रुंद हव्यात याचा अंदाज करता येतो. त्या नळ्यांत झुडपे, प्लास्टिक आणि पऱ्हाट्यांचे भारे अडकले की पूल बांधाचे काम करतो आणि पाणी बाजूच्या घरांत वळते.

दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत सुरुवातीचा पाऊस भराभर जिरतो. पण पंधरा-वीस दिवसांच्या झडीनंतर माती फुगून भेगा मिटतात आणि तिच्यात पाणी जिरण्याचा वेग अगदी कमी होतो. म्हणून जूनमधल्या मोठ्या पावसाने जे होत नाही, ते ऑगस्टमधल्या त्याहून लहान पावसाने होऊ शकते.

तिसरे कारण खालच्या बाजूचे. पूर्णा दुथडी भरून वाहत असेल तर तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. या फुगवट्याने पाऊस थांबल्यावरही नदीकाठच्या सखल वस्त्यांतले पाणी उतरत नाही.

अकोल्याने हे २१ जुलै २०२१ च्या रात्री अनुभवले. शहरात एका रात्रीत २०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला. अकोल्यात वर्षभरात सरासरी साधारण साडेसातशे ते आठशे मिलीमीटर पाऊस पडतो. त्याचा चौथा हिस्सा एका रात्रीत आला, मोर्णा पात्राबाहेर पडली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरे पाण्यात गेली. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ बळी घेतले. आपला भाग कोरडवाहू म्हणून ओळखला जातो, म्हणून पुरापासून सुरक्षित आहे असे समजण्याचे कारण नाही. वर्षाचा पाऊस कमी असणे आणि एका रात्रीचा पाऊस जास्त असणे या दोन्ही गोष्टी एकाच गावात घडू शकतात.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय?

मोठ्या नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथपर्यंत पोहोचते ती निळी रेषा आणि सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला भाग निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित मानला जातो.

यातला ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. १९५९ ला आला, म्हणजे आता २०५९ पर्यंत चिंता नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ आहे. आज आला तरी पुढच्या वर्षीची शक्यता तेवढीच राहते. घर आपण तीस वर्षे तरी वापरतो. तीस वर्षांत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता निघते सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. २५ वर्षांच्या पुरासाठी, म्हणजे निळ्या रेषेच्या आतल्या घरासाठी, हाच आकडा सुमारे ७० टक्क्यांवर जातो. दहा वर्षांतून एकदा भरणाऱ्या नाल्याकाठी घर असेल तर तीस वर्षांत पाणी आत येणार हे जवळजवळ नक्कीच धरा. तिथली शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक आहे.

अडचण अशी की पूररेषा प्रामुख्याने नद्यांसाठी आखल्या जातात. गावाच्या मागून वाहणाऱ्या नाल्यासाठी असा नकाशा बहुधा नसतो आणि आपल्याकडचे बरेच नुकसान त्याच नाल्यामुळे होते. म्हणून आपल्या घराचा अंदाज आपणच घ्यायला हवा.

त्यासाठी फार साधने लागत नाहीत. आळीतल्या सत्तरीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना विचारा की त्यांच्या आठवणीत पाणी कुठपर्यंत आले होते, कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते. ती खूण आणि आपल्या घराचे जोते यांच्या उंचीत किती फरक आहे ते पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पाहतो तसे मोजून घ्या. घरापासून वरच्या बाजूला चालत जा आणि पाहा की नाल्यावरचा पूल किंवा मोरी अरुंद आहे का, पात्रात भराव टाकून कोणी बांधकाम केले आहे का, नाल्याने कधी वळण बदलले आहे का. आणि आपला प्लॉट पांढरीचा आहे की काळीचा, हे आठवा. जुनी गावठाणे बहुतेक उंचवट्यावर वसलेली आहेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वस्ती वाढली ती मात्र खालच्या बाजूला, शेताचे ले-आउट पाडून. स्वस्त मिळालेला कोपऱ्याचा प्लॉट अनेकदा जुन्या नाल्याच्या वाटेवर असतो. नाला बुजवला तरी पाण्याला उतार ठाऊक असतो.

काळ्या मातीवरच्या घराला आणखी एक त्रास होतो. पाणी ओसरल्यावर पायाखालची माती पुन्हा आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. अशा भेगा काही आठवड्यांनी दिसतात, तोपर्यंत पंचनामा होऊन गेलेला असतो.

पंचनाम्यातून किती मिळते?

सरकारी मदत ही मदत असते, नुकसानभरपाई नसते. हा फरक शब्दांचा वाटतो, पण हिशेबात तो फार मोठा आहे. केंद्र सरकारने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी २०२२ ते २०२६ या काळाकरिता ठरवलेल्या निकषांनुसार सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये मिळतात. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीसाठी ८,००० आणि गोठ्यासाठी ३,००० रुपये. घर वाहून गेले किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार काही वेळा विशेष निर्णय घेऊन यापेक्षा जास्त देते, पण तो निर्णय होईलच याची खात्री आधी देता येत नाही.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा ५०० चौरस फुटांचे विटा-सिमेंटचे घर आहे आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला १,६०० रुपये धरला. घर पुन्हा बांधायला ८ लाख रुपये लागतील. घर पूर्ण पडले तर मदत येईल १ लाख २० हजार, म्हणजे खर्चाच्या १५ टक्के. बहुतेक घरे पुरात पूर्ण पडत नाहीत. एक भिंत खचते, फरशी उखडते, वायरिंग जाते, फ्रिज, कपाट आणि गाद्या निकामी होतात. दीड-दोन लाखांचा फटका बसतो आणि निकषात बसले तर ६,५०० रुपये हाती येतात. उरलेला खर्च सोनाराकडे गहाण ठेवून, बचत गटातून किंवा सावकाराकडून उभा होतो. पुराचे पाणी दोन दिवसांत जाते, हा हप्ता दोन-तीन वर्षे चालतो.

मदतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अतिवृष्टी झाली की नाही हे महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते. २४ तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. ढग डोंगरावर फुटला आणि मापक दहा किलोमीटर दूरच्या मंडळ ठिकाणी असेल, तर घरात पाणी आणि कागदावर साधा पाऊस असे होऊ शकते. घराच्या विम्यात पावसाच्या मिलीमीटरची अशी अट नसते. पुराचे पाणी घरात शिरले का आणि त्याने काय नुकसान झाले, एवढेच तिथे पाहिले जाते.

घराच्या विम्यात काय येते?

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली. घराचा असा विमा देणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते, मग कंपनी सरकारी असो वा खासगी. अटी सगळीकडे सारख्या, फक्त हप्ता वेगवेगळा. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व जलमय होणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल अशी संकटे तिच्यात येतात. अशा घटनेनंतर सात दिवसांत घरातून चोरी झाली तर तीही येते. घर सोडून नातेवाइकांकडे जावे लागते तेव्हा ही तरतूद कामी येते.

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. तिथे १९६८ पासून पुरासाठी वेगळी सरकारी योजना आहे आणि ती घेतल्यावर संरक्षण सुरू व्हायला सहसा ३० दिवस जावे लागतात. परदेशातला मुलगा किंवा पुतण्या फोनवर ‘पुराचा विमा वेगळा असतो’ असे सांगत असेल तर तो तिथले खरे सांगतो. आपल्याकडे तो एकाच पॉलिसीत आहे.

विम्याची रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नाही. पुरात जमीन राहते, बांधकाम जाते. म्हणून चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढाच हिशेब करायचा. वरच्या उदाहरणातल्या घरासाठी ती रक्कम ८ लाख झाली. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के एवढे घरसामानाचे संरक्षण आपोआप मिळते, कमाल १० लाखांपर्यंत. म्हणजे इथे १ लाख ६० हजार रुपयांचे सामानही धरले गेले. फ्रिज, टीव्ही, फर्निचर आणि कपडे त्यात आले. घर राहण्याजोगे नसेल त्या काळातल्या पर्यायी घराच्या भाड्याची तरतूदही पॉलिसीत आहे.

पूर्वीच्या पॉलिसींत एक खाच होती. ८ लाखांच्या घराचा ४ लाखांचाच विमा काढला आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी त्याच प्रमाणात निम्मे म्हणजे १ लाखच द्यायची. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण २ लाख मिळू शकतात.

हप्ता घराची बांधणी, ठिकाण आणि कंपनी यांनुसार बदलतो. पक्क्या घरासाठी तो बहुधा दर हजार रुपयांच्या संरक्षणामागे एक रुपयाच्या आतबाहेर असतो. ८ लाखांच्या घरासाठी वर्षाला काही शे रुपये, असा ढोबळ अंदाज धरा आणि दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवा. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते आणि तशी घेतल्यास विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते.

गृहकर्ज घेतलेल्यांनी आधी कपाटातली फाइल उघडावी. बँकेने घराचा विमा काढलेला असतो आणि कर्जदाराला त्याची कल्पनाच नसते, असे अनेकदा घडते. मात्र तो घराचा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, हे नीट वाचा. कर्जासोबत दिलेली जीवनविम्याची पॉलिसी घराच्या पडलेल्या भिंतीसाठी एक रुपयाही देत नाही.

काय येत नाही?

विम्याबद्दलची नाराजी बहुतेक वेळा न वाचलेल्या अटींतून येते. म्हणून न मिळणाऱ्या गोष्टी आधी पाहून घ्या.

नदीकाठच्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची अट अशी की नदीने काठ हळूहळू कापत नेला आणि त्यामुळे जमीन खचून घर पडले, तर ते या विम्यात धरत नाहीत. नव्या बांधकामाचे बसणे, भरावाची जमीन दबणे, निकृष्ट बांधकाम हेही येत नाही. नाल्यात भराव टाकून बांधलेल्या घराने हे वाक्य दोनदा वाचावे. जुन्या छतातून ठिबकणारे पाणी, भिंतीतली ओल आणि वापराने झालेली झीज म्हणजे पूर नव्हे.

रोख रक्कम, कागदपत्रे आणि वाहने घरसामानात धरत नाहीत. दागिन्यांसाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गायी-बैलांसाठी पशुधन विमा आणि घरातल्या किराणा दुकानासाठी व्यवसायाचा विमा वेगळा असतो. आपल्याकडे घरात भाव वाढायची वाट पाहत सोयाबीनची पोती आणि कापूस पडून असतो. विक्रीसाठी ठेवलेला हा माल घरसामानात आपोआप येईल असे गृहीत धरू नका, कंपनीला लेखी विचारा.

मातीच्या भिंतींचे, धाब्याचे किंवा टिनाचे घर असेल तर अर्जात तसेच लिहा. कच्च्या बांधकामाला हप्ता जास्त लागतो, काही कंपन्या कुरकुर करतात. म्हणून एजंट ‘पक्के लिहू’ म्हणतो. हप्ता वाचतो, पण सर्व्हेअर आला की दावा तिथेच अडतो. यापूर्वी पाणी शिरले असेल आणि अर्जात तसे विचारले असेल, तर तेही खरे सांगा.

घराचे कागद नाहीत म्हणून विमा मिळणार नाही, असे अनेकांना वाटते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, पातूर शहरात नगरपरिषदेची मालमत्ता कराची पावती, वीजबिल, किंवा स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणीनंतर मिळालेली मिळकत पत्रिका यांपैकी जे असेल ते काढून ठेवा. घरकुलाचे लाभार्थीही आपल्या घराचा विमा काढू शकतात.

पाणी ओसरल्यावर: आधी जीव, मग पुरावा, मग सफाई

पुराच्या वेळी सामान वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण विम्यामुळे थोडे कमी होते, हा त्याचा आरोग्याचा फायदा म्हणा. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणी माणसाचे पाय उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

घरात परतल्यावर पहिले काम मेन स्विचचे. जमीन ओली असेल तर स्वतः हात न लावता वीज कर्मचाऱ्याला बोलवा. भिजलेली मोटार किंवा फ्रिज ‘चालते का’ म्हणून सुरू करून पाहू नका. शॉकचा धोका आहेच, शिवाय शॉर्टसर्किटने उपकरण जळले तर ते नुकसान विम्यातून वगळले जाते. अडगळीत, कपाटामागे आणि लाकडांच्या ढिगात साप आश्रयाला आलेले असतात. काठीने हलवून मगच हात घाला. साप चावल्यास १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

बरीच कुटुंबे पंचनामा होईपर्यंत चिखल तसाच ठेवतात. ‘साफ केलं तर साहेबाले काय दाखवू?’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण त्या चिखलात सांडपाणी आणि गुराढोरांची व उंदरांची लघवी मिसळलेली असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अतिसार, कावीळ आणि विषमज्वर पाण्यातून पसरतात. पुरावा जपण्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते तिच्याजवळ टेप धरून एक फोटो घ्या. खराब वस्तूंची यादी करा, उपकरणांवरचे नंबर टिपा. कंपनीला लगेच कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि सफाई सुरू करत असल्याचे संदेश पाठवून सांगा. फेकून द्याव्या लागणाऱ्या मोठ्या वस्तू शक्य असल्यास सर्व्हेअर येईपर्यंत अंगणात एका बाजूला ठेवा. नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज भरायचा असतो. पंचनाम्याचीही प्रत मागून घ्या, ती दाव्याला आधार देते.

सफाई करताना गमबूट आणि हातमोजे घाला. नसतील तर निदान पायांतल्या जखमा झाका आणि नंतर साबणाने धुवा. विहिरीत किंवा हातपंपात पुराचे पाणी गेले असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्या आणि क्लोरीनची ओटी चाचणी झाल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. तोवर पाणी उकळूनच प्या. ताप, डोळ्यांत लाली, पिंढऱ्या दुखणे अशी लक्षणे पुरानंतर दोन-तीन आठवड्यांत दिसली तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा.

दावा नाकारला किंवा रक्कम फार कमी वाटली तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. अकोला जिल्ह्यासाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मृगाआधी करायची कामे

पाणी दारात आल्यावर विमा निघत नाही. म्हणून हे काम पेरणीच्या तयारीसोबतच उरकावे. घराची लांबी-रुंदी मोजा, गवंड्याला आजचा चौरस फुटाचा दर विचारा आणि रक्कम काढा. कर्जाच्या फाइलमध्ये जुनी पॉलिसी आहे का ते पाहा. दोन कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ याच नावाने दर मागा आणि पहिली काही रक्कम आपल्या अंगावर घ्यावी लागते का, तेही विचारा. प्रत्येक खोलीचा एक फोटो आजच काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. आधारकार्ड, सातबारा, नमुना ८ आणि पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. आणि ग्रामसभेत एक ठराव मांडा की गावाच्या नाल्यावरच्या मोऱ्या मे महिन्यात साफ झाल्या पाहिजेत. कारण हप्ता भरल्याने पाणी अडत नाही, ते मोकळी मोरी आणि उंच जोतेच अडवते.

जोते नव्याने बांधताना ते जुन्या पुराच्या खुणेपेक्षा किमान फूटभर वर घ्या. विजेचे मीटर आणि बोर्ड कमरेच्या वर लावा. धान्याची कोठी विटांच्या ओट्यावर ठेवा. यासाठी लागणारा खर्च एका पुराच्या दुरुस्तीहून कितीतरी कमी असतो.

काळीचे पीक एका हंगामात गेले तर पुढच्या हंगामाची आशा असते. पांढरीवरचे घर मात्र माणूस आयुष्यात बहुधा एकदाच बांधतो.